ऑइलर्सच्या गोलरक्षकावर सगळं खापर नको

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

जून २०२५ मध्ये फ्लोरिडा पँथर्सने सलग दुसऱ्या वर्षी स्टॅनले कप (उत्तर अमेरिकेच्या आईस हॉकी लीगचा विजेतेपदाचा चषक) जिंकल्याची बातमी आपण क्रीडा पानावर छापलीत, याबद्दल आधी मनापासून आभार. एडमंटनमध्ये बसून मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माझ्यासारखीला आईस हॉकीबद्दल चार ओळी मिळाल्या तरी बरं वाटतं. पण त्या चार ओळींत एडमंटन ऑइलर्सच्या पराभवाचं सगळं खापर गोलरक्षक (इथल्या भाषेत गोली) स्टुअर्ट स्किनरच्या डोक्यावर फोडलेलं पाहिलं आणि राहवलं नाही. इथेही बसमध्ये, कामावर, जिथे जावं तिथे जूनपासून हेच ऐकते आहे: स्किनरला घालवा, कप येईल. प्रश्न एवढा सोपा नाही. आणि ज्यांनी तो सोडवायचा, त्यांनी २०२५ च्या उन्हाळ्यातही त्याला हात लावलेला नाही, म्हणून हे पत्र.

आधी शेवटच्या रात्रीबद्दल. १७ जूनचा अंतिम फेरीतला सहावा सामना आम्ही ५-१ असा हरलो. आकडा पाहिला की गोलीने पाच सोडले असंच वाटणार. प्रत्यक्षात शेवटचे दोन गोल रिकाम्या नेटमध्ये गेले. पिछाडी भरून काढायला गोलीला बाकावर बोलावून जादा आक्रमक उतरवतात, तेव्हा नेट उघडं पडतं, आणि फ्लोरिडाच्या सॅम राइनहार्टने त्याचा फायदा घेऊन आपले चार गोल पूर्ण केले. स्किनरने सोडले तीन. आपल्या बाजूने गोल झाला एकच, तोही ०-५ झाल्यावर, वासिली पॉडकोल्झिनचा. २०२४ चा सातवा सामना घ्या: तोही फ्लोरिडाविरुद्धच, २-१ असा हरलो. अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ज्या गोलीने दोनच गोल दिले, त्याला पराभवाचं कारण कसं म्हणायचं? आमचा कॉनर मॅकडेव्हिड हा माझ्या मते आजचा जगातला सर्वोत्तम खेळाडू, पण त्या मालिकेच्या शेवटच्या दोन सामन्यांत त्याच्या खात्यावर एकही गुण (गोल किंवा गोलला साहाय्य) नव्हता. त्याचं नाव मी दोषासाठी घेत नाही. हरायला अख्खा संघ लागतो, एवढंच सांगायचं आहे.

तरी स्किनर उत्तम खेळला असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्याने शंभर फटक्यांमागे ८९ च्या आसपास अडवले. फ्लोरिडाच्या सर्गेई बोब्रोव्स्कीने ९१ च्या वर. एका सामन्यात पंचवीस-तीस फटके येतात असं धरलं, तर हा फरक दोन सामन्यांमागे एका गोलाच्या जवळ जातो, आणि अंतिम फेरीतले तीन सामने ओव्हरटाइममध्ये गेले होते. म्हणजे फरक आहे आणि तो महागात पडतो.

पण या सरासरीत खरी अडचण दिसत नाही. स्किनरच्या खेळात मधलं काही नसतं. लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध पहिले दोन सामने हरल्यावर त्याला बसवलं आणि बदली गोली कॅल्विन पिकार्डला उभं केलं. पिकार्डने ओळीने सहा जिंकले. वेगासविरुद्ध तो जखमी झाला, म्हणून स्किनर परत आला. एक सामना हरला, मग लागोपाठ दोन शटआउट, म्हणजे एकही गोल न देता जिंकलेले सामने. डॅलसविरुद्ध पहिल्या सामन्यात पुन्हा गोलांची रांग, दुसऱ्यात पुन्हा शटआउट. चार सामन्यांत तीन शटआउट! हे करायला अंगात फार मोठी गुणवत्ता लागते. मग अंतिम फेरीत तिसऱ्या सामन्यात पाच गोल देऊन बाहेर, चौथ्यात पहिल्याच सत्रात तीन देऊन बाहेर. चौथ्यात पिकार्ड आला, ओव्हरटाइममध्ये फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचा फटका त्याच्या ग्लोव्हला घासून आडव्या खांबावर आदळला, आणि आमच्या लिऑन ड्रायसाइटलने सामना जिंकून दिला. पाचवा सामना पिकार्डला दिला, तो गेला. सहाव्यात पुन्हा स्किनर. प्लेऑफ मी पुष्कळ पाहिले आहेत, पण अंतिम फेरीच्या टोकावर इतकी अदलाबदल करून कप उचललेला संघ मला आठवत नाही.

मी एका गोलीची आई आहे. माझा धाकटा मुलगा इथल्या मुलांच्या हॉकीत नेटमध्ये उभा राहतो. काचेमागे उभं राहून मी एक गोष्ट पक्की शिकले. सामन्याच्या मध्यात बाहेर काढलेला गोली पुढच्या सामन्यात आत सरकतो. एरवी तो नेटसमोरच्या निळ्या अर्धवर्तुळाच्या कडेपर्यंत पुढे येऊन उभा असतो, त्यामुळे फटका मारणाऱ्याला नेट छोटं दिसतं. भीती बसली की तो गोलरेषेकडे मागे मागे जातो, खांद्यावरचे कोपरे उघडे पडतात. रिबाउंड, म्हणजे अडवून उसळलेला पक (हॉकीची रबरी चकती), छातीशी दाबून धरायचा तर तो समोर सांडतो. हातांना, पायांना काही झालेलं नसतं. आपल्यावर कुणाचा भरवसा नाही हे त्याला कळलेलं असतं, आणि ते अंगात उतरतं. अकरा-बारा वर्षांच्या पोराचं असं होतं, तसंच सव्वीस वर्षांच्या माणसाचंही होतं. स्किनर तर एडमंटनचाच. नऊ भावंडांतलं शेंडेफळ. २०१७ मध्ये गावच्याच क्लबने त्याला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) तिसऱ्या फेरीत निवडलं. त्याच्या गावात, त्याच्या माणसांसमोर जे शब्द त्याच्याबद्दल बोलले जातात, ते मी माझ्या मुलाच्या कानावर पडू देत नाही.

फ्लोरिडाने काय केलं पाहा. २०१९ मध्ये त्यांनी बोब्रोव्स्कीला सात वर्षांसाठी वर्षाला १ कोटी डॉलर दिले. सुरुवातीला तो इतका डळमळीत होता की त्या कराराची सगळीकडे चेष्टा व्हायची. २०२३ चे प्लेऑफ सुरू झाले तेव्हा नेटमध्ये ॲलेक्स लायन होता आणि बोब्रोव्स्की बाकावर. त्याच वर्षी त्याने संघाला अंतिम फेरीत नेलं, नंतर दोन कप. आणि मार्च २०२५ मध्ये त्यांनी स्पेन्सर नाइट हा भविष्यातला गोली शिकागोला देऊन बचावपटू सेथ जोन्स आणला. नेट कुणाचं, याबद्दल त्या संघात कुणाच्याही मनात शंका उरली नाही, आणि नेटसमोरची भिंतही पक्की झाली. ठरवणं म्हणतात ते हे.

आमच्याकडे काय झालं? २०२२ मध्ये जॅक कॅम्पबेलशी पाच वर्षांचा, वर्षाला ५० लाख डॉलरचा करार झाला. तो फसला. २०२४ च्या उन्हाळ्यात बायआउट, म्हणजे ठरलेल्या पैशांचा काही भाग देऊन मोकळं करणं. ती रक्कम सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत) वर्षानुवर्षं धरावी लागते. २०२५-२६ च्या हंगामात ती २३ लाख डॉलर आहे. स्किनरचा आकडा २६ लाख. म्हणजे जो गोली संघात नाही तो जवळजवळ आमच्या मुख्य गोलीइतकाच महाग पडतो आहे! हा घाव क्लबच्या मनात इतका खोल बसलेला दिसतो की त्यानंतर नेटवर पैसा टाकायला कुणी धजत नाही.

२०२५-२६ च्या हंगामाचा कॅप ९ कोटी ५५ लाख डॉलर. त्यात ड्रायसाइटल १ कोटी ४० लाख, मॅकडेव्हिड १ कोटी २५ लाख, एव्हन बूशार्ड १ कोटी ५ लाख, डार्नेल नर्स ९२ लाख ५० हजार. चौघांतच निम्म्याच्या जवळ रक्कम संपते, आणि पहिल्या तिघांबद्दल माझी तक्रार नाही. आता गोली: स्किनर २६ लाख आणि पिकार्ड १० लाख, मिळून ३६ लाख. जुलै २०२५ मध्ये क्लबने अँड्र्यू मँगियापाने या विंगरला (कडेने खेळणाऱ्या आक्रमकाला) दोन वर्षांसाठी घेतलं. किती? वर्षाला ३६ लाख. मँगियापाने बरा खेळाडू आहे, पण एका विंगरवर दोन गोलींइतका पैसा टाकणाऱ्या क्लबने नेटमध्ये बोब्रोव्स्की मिळत नाही म्हणून हळहळू नये. ट्रेंट फ्रेडरिकला तर आठ वर्षं दिली, वर्षाला ३८ लाख ५० हजार. तिसऱ्या फळीतल्या खेळाडूला आठ वर्षं बांधून ठेवायचं धैर्य आहे, मग तेच धैर्य गोलीच्या बाबतीत का दाखवत नाहीत?

गेल्या उन्हाळ्याचं दुःख अजून गेलेलं नाही, तेही लिहूनच टाकते. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस ब्लूजने आमच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांना ऑफर शीट दिली, म्हणजे परस्पर कराराचा देकार. तेवढाच पैसा देऊन त्यांना राखायला ऑइलर्सकडे सात दिवस होते. दोघांचे मिळून ६८ लाख ७० हजार. आणि त्याआधी जुलैतच जेफ स्किनर (स्टुअर्टचा नातेवाईक नव्हे) आणि व्हिक्टर आर्विडसन या दोन अनुभवी खेळाडूंवर मिळून ७० लाख खर्च करून क्लब बसला होता. पोरांना जाऊ दिलं, बदल्यात ड्राफ्टमधली दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची निवड मिळाली. हॉलोवेने पहिल्याच वर्षी ब्लूजकडून २६ गोल आणि ६३ गुण केले. जेफ स्किनर प्लेऑफमध्ये बहुतेक वेळ बाहेरच बसला आणि नंतर सॅन होजेला गेला. आर्विडसन १ जुलै २०२५ ला पाचव्या फेरीच्या निवडीवर बोस्टनला दिला. ब्रोबर्गसारखा उंच, वेगाने मागे वळणारा बचावपटू अंतिम फेरीत असता तर? शेवटच्या तीन सामन्यांत पहिलं सत्र संपताना फ्लोरिडा ३-०, २-०, २-० असा पुढे होता. त्यातला प्रत्येक गोल गोलीच्या नावावर मांडता येणार नाही. समोर पक गमावला, माणूस मोकळा सोडला, मग फटका आला.

इथे कुणी म्हणेल, गोली विकत घेणं हा जुगारच आहे. हो, आहे. विनिपेगचा कॉनर हेलेबक २०२५ मध्ये हार्ट (सर्वात मौल्यवान खेळाडू) आणि व्हेझिना (सर्वोत्तम गोली) या दोन्ही चषकांचा मानकरी, आणि पहिल्याच फेरीत सेंट लुईसमधल्या तिन्ही सामन्यांत त्याला मध्येच बाहेर काढावं लागलं. २०१९ चा जॉर्डन बिनिंग्टन, २०२३ चा एडन हिल, यांच्यावर हंगामाच्या सुरुवातीला कुणी पैज लावली नसती, दोघांनी कप जिंकला. पण याच गावाने तो जुगार एकदा खेळलेला आहे. मार्च २००६ मध्ये ऑइलर्सने पहिल्या फेरीची निवड मोजून मिनेसोटाकडून छत्तीस वर्षांचा ड्वेन रोलोसन आणला. लोकांनी तेव्हाही नावं ठेवली. तो आठव्या क्रमांकाच्या संघाला अंतिम फेरीत घेऊन गेला. कॅरोलायनाविरुद्ध पहिल्याच सामन्यात ४-४ असताना त्याचा गुडघा गेला, बदली आलेल्या टाय कॉन्क्लिनकडून नेटमागे पक निसटला आणि जेमतेम अर्धं मिनिट उरलं असताना कॅरोलायनाच्या रॉड ब्रिंडामोरने गोल केला. तरी मालिका सात सामने चालली. मी तेव्हा या गावात नवी होते. अख्खं शहर एका म्हाताऱ्या गोलीच्या गुडघ्यासाठी हळहळताना पाहिलं आणि या खेळाची झाले.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. नवा पहिल्या क्रमांकाचा गोली आणावा, आणि तो सप्टेंबरच्या सराव शिबिराआधी आणावा. फ्री एजंटांच्या (करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंच्या) बाजारात यंदा खास कुणी नव्हतं हे खरं, पण ट्रेडने, म्हणजे संघांमधल्या अदलाबदलीने, मिळत होते. जॉन गिब्सनला ॲनाहाइमकडून डेट्रॉइटने जूनअखेर नेलं, गोली पीटर म्राझेक आणि दुसऱ्या व चौथ्या फेरीची निवड देऊन. गिब्सनचे ६४ लाख आमच्या कॅपमध्ये बसवणं अवघड होतं, कुणीतरी द्यावा लागला असता. द्यायला हवा होता. केवळ गोलींचा प्रशिक्षक बदलून भागेल असं मला वाटत नाही.

आणि स्किनरला मोडीत काढू नये. २०२५-२६ हे त्याच्या कराराचं शेवटचं वर्ष. नव्या गोलीबरोबर निम्मे सामने वाटून घेताना तो चांगलाच खेळेल, चार सामन्यांत तीन शटआउट करणारा हात एका उन्हाळ्यात नाहीसा होत नाही. विकायचंच ठरलं तर उघडपणे विकावं आणि त्याला दुसरीकडे नीट सुरुवात करू द्यावी. पुन्हा एप्रिलमध्ये त्याला उभं करायचं, दोन सामने गेले की बसवायचं, आणि जूनमध्ये परत हाक मारायची, हे मात्र थांबलं पाहिजे. मॅकडेव्हिडचा करार २०२६ च्या उन्हाळ्यात संपणार होता. १ जुलै २०२५ पासून नव्या करारावर सही करायची मुभा होती, पण त्या उन्हाळ्यात त्याने ती केली नाही. तो जे पाहतो आहे त्यात नेटही आहे, हे महाव्यवस्थापक स्टॅन बोमन यांनी मार्चच्या ट्रेड डेडलाइनची (अदलाबदलीच्या शेवटच्या मुदतीची) वाट न पाहता लक्षात घ्यावं.

आपली,
ऑइलर्सची एक चाहती,
एडमंटन, कॅनडा