शेतात राहायला गेलास म्हणून लिहितोय

दोस्ता,

राम राम भो. तुम्ही चोपड्याकडे शेतातच राहायला गेले हे ऐकून बरं वाटलं, पण छोटी सोबत आहे म्हणून मनातलं सगळं लिहूनच टाकतो.

आधी विंचू. आपल्याकडे चावला की लोक विंचू केवढा होता, काळा की लाल तेच विचारत बसतात, तू माणसाकडे बघ. नुसता ठणका असेल तर मोठ्या माणसाचं बहुतेक निभावतं, पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडले तर ठणका कमी वाटला तरी थांबायचं नाही, कारण लाल विंचवाचं विष हृदयाला त्रास देतं आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. त्यावर प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी चालते, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते दाखवून दिलं आणि कितीतरी लेकरं वाचली, फार मोठं काम आहे रे ते. गोळी मात्र डॉक्टरच देणार. आणि छोटीला चावला तर लक्षणांची वाटच बघू नको, 108 ला फोन लाव नाहीतर गाडी काढ. मंत्र, झाडपाला, दोरी आवळणं यात जो वेळ जातो तोच जिवावर येतो.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने लगेच काढ, चिमटा शोधत बसू नको. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण परत परत डसते. साबण, पाणी, बर्फ, एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी हात सुजला तरी चालतं, पण ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरला, चक्कर आली तर एक मिनिटही घालवू नको, तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. आग्यामोहोळ उठून खूप डंख बसले तर माणूस ठीक दिसला तरी दवाखान्यात ने.

पावसाळ्यात ट्यूबलाइटजवळ लाल-काळा बारीक किडा येतो, तो चावत नाही, अंगावर चिरडला की भाजल्यासारखा पट्टा उठतो आणि लोक नागीण समजून भलतेच उपाय करतात. फुंकर मारून उडव, साबणाने धू.

अजून एक, गवतात काम केल्यावर काही दिवसांनी ताप आला तर काख, जांघ, कंबर नीट बघ, काळी खपली दिसली तर डॉक्टरला आपणहून दाखव, तो स्क्रब टायफस, म्हणजे गवतातला अगदी बारीक किडा चावून येणारा ताप, असू शकतो, डॉक्सिसायक्लिनने बरा होतो पण उशीर नडतो.

बूट झटकून घालत जा, वहिनींनाही हे वाचून दाखव. आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात रात्री डॉक्टर असतो का, विंचवाचं औषध ठेवतात का, आजच विचार आणि मला कळव.

तुझाच