त्रिकोण 'तो', रेघ 'ती': अमूर्त अ‍ॅनिमेशनपटांचे गुण कसे द्यावेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुपट स्पर्धांच्या गुणपत्रिकेत 'विविधता व प्रतिनिधित्व' हा रकाना दिसू लागला आहे, ते योग्यच. पण अमूर्त अ‍ॅनिमेशनपट समोर आला की परीक्षक अडखळतात. पडद्यावर ना बाई, ना माणूस, ना गाव. नुसते त्रिकोण, रेघा, ठिपके. मग रकाना कोरा राहतो, नाहीतर कोपऱ्यात वारली आकृत्या नाचल्या म्हणून पूर्ण गुण पडतात. वारली चित्रे पालघरकडची. मेळघाटातल्या कोरकूंचा किंवा गडचिरोलीतल्या माडियांचा त्यांच्याशी काय संबंध?

आकारांना माणूसपण देतो तो प्रेक्षक. मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी 1944 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन त्रिकोण व एका छोट्या वर्तुळाची चित्रफीत 34 विद्यार्थिनींना दाखवली होती. जवळपास निव्वळ भूमितीच्या भाषेत ती सांगणारी एकच निघाली. बाकीच्यांना त्यात जिवंत पात्रे दिसली. मोठा त्रिकोण दांडगट, तर वर्तुळ अनेकींना घाबरलेली मुलगी वाटली.

तेव्हा मोजदाद करायची ती प्रेक्षकांच्या वर्णनांची. मराठीत मात्र इथे पेच पडतो. त्रिकोण 'तो', रेघ 'ती', वर्तुळ 'ते'. 'रेघ दबली' असे कुणी म्हटले, तर ते व्याकरण की बाईपण? पडताळा सोपा आहे. निम्म्या प्रेक्षकांशी बोलताना 'रेघ' म्हणावे, निम्म्यांशी 'पट्टा'. तसेच 'वर्तुळ' आणि 'गोल'. शब्द बदलूनही दबणारी बाईच राहिली, तर ती चित्रातून आली. कोरकूत नामांची विभागणी सजीव-निर्जीव अशी आहे, गोंडीत पुरुषवाचक आणि इतर सर्व अशी. म्हणून या भाषा बोलणाऱ्यांचे वर्णन आधी त्यांच्याच भाषेत रेकॉर्ड करावे. दुभाष्याने लगेच मराठी केले की 'तो' आणि 'ती' आपोआप घुसतात आणि नेमके हवे होते तेच पुसले जाते.

दहा-बारा प्रेक्षक पुरतात, पण एकेकटे बसवावेत. घोळक्यात पहिल्या मोठ्या आवाजामागे बाकीचे 'हो' म्हणतात, आणि गुरुजी खोलीत असतील तर मुले बरोबर उत्तर शोधू लागतात. चित्रपटाचे नाव झाकावे. आधी मूक दाखवावा, मग आवाजासह. कारण ढोल वाजला की कुठलाही ठिपका मिरवणुकीत सामील होतो. प्रश्न एवढाच: 'काय झालं?' टिनाच्या शेडमध्ये भरदुपारी प्रोजेक्टर लावू नये. फिकट रंग उजेडात विरतात आणि अर्धे आकार कुणाला दिसतच नाहीत.

एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा पडदा लखलखत असेल तर तो फिट येणाऱ्यांसाठी धोक्याचा. त्याचे गुण इथेच कापावेत.

श्रेयनामावली तर वाचावीच. 1949 च्या 'बिगॉन डल केअर' या कॅनडातल्या अमूर्त अ‍ॅनिमेशनपटावर नॉर्मन मॅक्लारेन यांच्याबरोबरीने एव्हलिन लँबार्ट यांचेही नाव आहे, पण चर्चेत बहुधा मॅक्लारेनच उरतात. आपल्याकडे गोंदणाची नक्षी उचलली असेल, तर ती कोणत्या समाजाची, कुणी काढून दाखवली आणि तिचे नाव शेवटी आले का, हे दिग्दर्शकाला लेखी विचारावे.

आयोजकांना विनंती, की या रकान्यामागे प्रेक्षकांची वर्णने जोडायला दोन कोरी पाने द्यावीत.

आपले,
अ‍ॅनिमेशनचे काही प्रशिक्षक,
धारणी, जि. अमरावती