उल्हास खोऱ्यातील पूररेषा जमिनीवर दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाई कुठवर आली याच्या बातम्या आपल्या पत्रात येऊ लागतात. त्या यायलाच हव्यात. परंतु उल्हास नदीचे पाणी घराघरांत शिरते त्याचे मूळ केवळ तुंबलेल्या नाल्यात नाही, तर गेल्या काही दशकांत या खोऱ्यातील जमिनीचे आणि इमारतींचे जे झाले त्यात आहे.

माझे बालपण अंबरनाथमधील एका कारखान्याच्या चाळीत गेले. कर्जतकडे जाणारी रेल्वे १८५६ मध्ये या खोऱ्यातून धावू लागली आणि पुढे तिच्याच आधाराने कारखाने उभे राहिले. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आला, शहाड आणि मोहने येथे रेयॉनचे कारखाने आले, १९५३ मध्ये आयुध निर्माणी सुरू झाली. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. एमआयडीसीच्या वसाहतींना पाणी मिळावे म्हणून बारवीचे धरण झाले. आता मोहन्याचा कारखाना बंद पडून बरीच वर्षे झाली आहेत, आणि बराकींच्या जागी इमारती उभ्या असल्या तरी पत्ता सांगताना लोक अजून 'कॅम्प नंबर चार' असेच म्हणतात.

मला सांगायचे आहे ते मात्र बदलापूरच्या बाजूला रेल्वे आणि नदी यांच्यामध्ये पसरलेल्या भाताच्या खाचरांविषयी. भिवपुरीच्या वीजकेंद्रातून सुटणारे पाणी मिळत असल्यामुळे उल्हास भर उन्हाळ्यातही वाहती असते, आणि पावसाळ्यात ती या खाचरांत पसरत असे. पाणी बांधावरून एका खाचरातून दुसऱ्यात उतरे, दोन दिवस थांबे आणि ओसरताना गाळ ठेवून जाई. जुन्या गावातली कौलारू घरे पाहिली तर त्यांची जोती काळ्या दगडाची आणि चांगली कमरेइतकी उंच असत. ओटीवर जायला चार-पाच पायऱ्या चढाव्या लागत. त्या पायऱ्या कोणी शोभेसाठी बांधल्या नव्हत्या.

नंतर खाचरे बिनशेती झाली. डंपरने मुरूम आणि राडारोडा येऊन पडला, बांध मोडले, ओहोळ पाइपांत घातले गेले आणि भरावावर तळमजल्याला पार्किंग असलेल्या सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. पसरायला जागा उरली नाही तेव्हा पाणी उंचीने वाढू लागले. २६ जुलै २००५ च्या पुरात माझ्या थोरल्या बहिणीच्या तळमजल्यावरील घरात गाळाची रेघ खिडकीच्या वरच्या गजाला लागली होती. दोनदा रंग देऊनही ती पावसाळ्यात ओल धरून पुन्हा उमटते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. त्याच दिवशी माझ्या मुलाच्या सोसायटीतील दुचाक्या पाण्याखाली गेल्या. घर घेताना त्याला जवळचे स्टेशन, शाळा, 'रिव्हर व्ह्यू' असे सगळे सांगितले गेले होते. पूररेषेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यानेही विचारले नाही, कारण असे काही विचारायचे असते हेच त्याला ठाऊक नव्हते.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग नकाशावर आखतो. परंतु नकाशा कार्यालयात राहतो आणि सामान्य माणूस घर घेतो ते नदीकाठी जाऊन, डिसेंबरातल्या कोरड्या जमिनीकडे पाहून. म्हणून माझी मागणी अशी आहे की, कर्जतपासून कल्याणपर्यंत या दोन्ही रेषा प्रत्यक्ष जमिनीवर रंगवलेल्या दगडी खांबांनी दाखवाव्यात. २००५ आणि २०१९ चे पाणी जिथवर चढले ती पातळी रेल्वे स्थानके, शाळा आणि पुलांच्या खांबांवर तारखेसह कोरावी. प्रत्येक नव्या गृहप्रकल्पाच्या फलकावर त्याचे जोते आणि निळी रेषा यांच्या उंचीतील फरक मराठीत, मीटरमध्ये लिहिणे सक्तीचे करावे. यासाठी लागणारी सर्व मोजणी शासनाकडे आहे, आणि खांब रोवायला पावसाळ्यापूर्वीचे हे दिवस पुरेसे आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कामगार, अंबरनाथ