अकरा गाण्यांची वाटणी

महोदय,

अमेरिकी गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमन यांच्या १९८८ सालच्या पहिल्या अल्बमची तबकडी २०२५ मध्ये नव्याने निघाली, त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख आस्थेने लिहिलेला आहे. मात्र लेखकाने त्यातील अकरा गाण्यांची सामाजिक आणि वैयक्तिक अशी वाटणी करून पहिल्या गटाला मोठेपण दिले आहे आणि दुसऱ्याची ‘हळुवार प्रेमगीते’ एवढ्यावर बोळवण केली आहे. अल्बम सलग ऐकला तर ही वाटणी टिकत नाही.

चौथे गाणे ‘बिहाइंड द वॉल’ कोणत्याही वाद्याच्या साथीशिवाय गायलेले आहे. रात्री भिंतीपलीकडून किंकाळ्या ऐकू येतात; पोलिसांना कळवून उपयोग नसतो, कारण ते आलेच तर उशिरा येतात आणि नवराबायकोच्या भांडणात आम्हाला पडता येत नाही, असे सांगतात. दोन मिनिटांच्या आत हे गाणे संपते आणि त्याला लागूनच ‘बेबी कॅन आय होल्ड यू’ सुरू होते, म्हणजे लेखकाने हळुवार म्हणून बाजूला ठेवलेले. जोडीदाराच्या तोंडून कधीच न निघालेल्या शब्दांचे हे गाणे आहे, आणि त्यांतला पहिला शब्द क्षमेचा आहे. सुटे ऐकले तर ते रुसव्याचे वाटेल. पण त्या किंकाळ्या कानात असताना, न मागितलेल्या क्षमेचे वजन निराळेच होते. हा क्रम हेतुपुरस्सर लावला असो वा नसो, ऐकणाऱ्याला हा संबंध टाळता येत नाही.

‘फास्ट कार’ कोणत्या रकान्यात घालावे, हे लेखकालाही ठरवता आले नसावे, कारण त्याचा उल्लेख दोन्हीकडे आहे! दारुड्या बापासाठी शाळा सोडलेली मुलगी, दुकानाच्या गल्ल्यावरची तिची नोकरी आणि अखेर बापाच्याच वाटेने गेलेला जोडीदार. यातून गरिबी वगळली तर प्रेमकथाही उरत नाही. २०२३ मध्ये ‘कंट्री’ या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताचे गायक ल्यूक कोम्स यांनी हे गाणे गायले, तेव्हा पुरुष असूनही गल्ल्यावरच्या मुलीची ओळ त्यांनी तशीच ठेवली. त्याच वर्षी या गाण्याला कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला आणि चॅपमन तो मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार ठरल्या.

लेखात ११ जून १९८८ च्या लंडनमधील वेम्बली येथील मैफलीचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटले. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना, त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त ती झाली होती. चॅपमन आपली गाणी आधीच गाऊन गेल्या होत्या. परंतु गायक स्टीव्ही वंडर यांच्या वाद्यसामग्रीतील एक भाग सापडेना, म्हणून त्यांना पुन्हा मंचावर पाठवण्यात आले. वर्णद्वेषाविरुद्ध जमलेल्या त्या अफाट समुदायापुढे एकटी गिटार घेऊन त्या उभ्या राहिल्या आणि ‘फास्ट कार’ गायल्या. अल्बमची मागणी झपाट्याने वाढली ती त्यानंतर.

आपला,
एक नियमित वाचक