२३ संकल्प आणि चौथ्या मजल्यावरची सायकल

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती

विषय : ‘नीटनेटकं, सुरक्षित, हिरवं घर’ या वार्षिक उद्दिष्टांबाबत

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावर लावलेली यंदाच्या संकल्पांची यादी वाचली. हेतूबद्दल शंका नाही. पण मुद्दे मोजले तर २३ भरले, आणि कुठल्याही मुद्द्यापुढे ते काम कोण करणार, कधीपर्यंत करणार, याचा पत्ता नाही. गेल्या वर्षीची यादी १७ मुद्द्यांची होती. ती अजून त्याच बोर्डावर, याच कागदाच्या खाली आहे. टाचणी काढून बघावी. माझं म्हणणं इतकंच, की यंदा तीनच कामं धरू आणि ती तडीस नेऊ.

पहिलं काम जिन्याचं. मागच्या महिन्यात रात्री वीज गेली तेव्हा मी जिन्याने खाली उतरत होतो. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येईपर्यंत वाटेत दोन चपलांचे स्टँड, गुंडाळून उभी केलेली फोमची गादी, बंद पडलेला कूलर, रंगाचे अर्धवट डबे आणि सहा कुंड्या भेटल्या. त्याआधी चौथ्या मजल्यावरच एका सायकलच्या पेडलला अडकून माझी नडगी सोलवटली होती. ती सायकल माझीच. त्यामुळे या बाबतीत दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला मी मोकळा नाही.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन मोजलं. आपला जिना १२० सेंटिमीटर रुंद आहे. गादी आणि स्टँड समोरासमोर आहेत तिथे ५५ सेंटिमीटर उरतात. एखाद्या आजारी माणसाला खुर्चीत बसवून दोघांनी खाली न्यायचं म्हटलं, तर तिथे खुर्ची अडकणार. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, म्हणजे जिना हा एकच रस्ता. गरम धूर वर चढतो आणि जिन्याची पोकळी त्याला धुराड्यासारखी आयती मिळते. आगीत बरीच माणसं ज्वाळा पोचायच्या आत धुरानेच गुदमरतात. त्यात फोमची गादी पेटली तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघतो. ‘पॅसेज स्वच्छ ठेवावा’ हा यादीतला १४वा मुद्दा आहे. तो पहिला हवा, आणि ‘स्वच्छ’च्या जागी ‘मोकळा’ हा शब्द हवा. झाडून-पुसून लखलखीत ठेवलेली गादीसुद्धा वाट अडवतेच. मीटर रूमलाही हाच नियम लावावा. तिथे कागदांचे गठ्ठे ठेवायला कुणी आणि का परवानगी दिली, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

दुसरं काम घराच्या आतलं, म्हणून नाजूक. समिती कुणाच्या घरात शिरू शकत नाही, मान्य. पण एक दिवस ठरवून सगळ्यांना एक बटण दाबायला सांगू शकते. वीजपेटीत एमसीबीच्या, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचांच्या, रांगेशेजारी एक रुंद स्विच असतो, आरसीसीबी. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवायला आरसीसीबी लागतो. घरात बसवतात तो साधारण ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो. हे बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबून बघायचं असतं. दाबल्यावर खटकन वीज गेली तर ठीक. मी घर घेतल्यापासून ते एकदाही दाबलं नव्हतं. यादी वाचून जाग आली आणि दाबलं, तर काहीच झालं नाही. घरातला पंखा निवांत फिरत राहिला. इलेक्ट्रिशियनने काढून दाखवलं, आतली यंत्रणा जाम झाली होती. म्हणजे इतकी वर्षं गीझर खाली आंघोळ करताना माझा भरवसा एका शोभेच्या डबीवर होता. आपल्या इमारतीत अशा किती डब्या आहेत, ते एका संध्याकाळी कळेल. काही जुन्या घरांत आरसीसीबी मुळातच नसेल, तेही त्याच दिवशी कळेल.

ओघात आलंच आहे तर लिफ्टमधल्या सूचनेबद्दल सांगतो, कारण ती आजच्या आज काढायला हवी. तिच्यात लिहिलं आहे, ‘गॅसचा वास आल्यास एक्झॉस्ट पंखा लावावा.’ हे उलटं आहे. स्विच लावताना किंवा बंद करताना ठिणगी पडू शकते, आणि वायू साठलेल्या खोलीत तेवढी ठिणगी पुरते. कुठल्याच बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर किंवा कॉक बंद करायचा, बाहेर पडायचं आणि फोन बाहेर गेल्यावर करायचा. सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका, तो छताकडे जातो. आपल्याकडे दोन्ही प्रकारची घरं आहेत, तेव्हा नवी सूचना लिहिताना दोन्हींचा उल्लेख करावा. मजकूर हवा असेल तर मी लिहून देतो.

तिसरं काम हिरवळीचं. यादीत यावर सर्वाधिक मुद्दे आहेत, आणि त्यातले बहुतेक नवीन कुंड्या आणण्याचे. माझ्या मते आहे तेच आधी नीट करावं. कंपोस्टचा ड्रम आणला, दोन महिन्यांत वास सुटला, तक्रारी आल्या आणि तो पंपाच्या खोलीमागे पालथा पडला. त्या ड्रममध्ये फक्त ओला कचरा जात होता. ओल्याच्या दुप्पट-तिप्पट, मापाने, सुकं मिसळावं लागतं, नाहीतर हवा खेळत नाही आणि कचरा कुजून आंबतो. आणि सुकं आणायला लांब जायला नको. गेटपाशी बघा, झाडलेल्या वाळक्या पानांची पोती दर आठवड्याला बांधून आपण ती बाहेर धाडतो. एका टोकाला पानं फेकतो आणि दुसऱ्या टोकाला पानांवाचून सडतो, अशी आपली गत आहे. पोती ड्रमशेजारी ठेवली आणि प्रत्येक बादलीमागे दोन घमेली पानं टाकली, एवढं केलं तरी वास थांबेल.

कुंड्यांखालच्या ताटल्यांचंही बघायला हवं. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस पुरतात. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आठवड्यातून एकदा ताटली घासावी लागते. जी कुंडी घासायला कुणी तयार नाही, ती हिरवी असली तरी नको. तसाच तो ए विंगच्या भिंतीतला पिंपळ. दरवर्षी आपण त्याचा शेंडा छाटतो आणि तो दरवर्षी जाड होऊन परत येतो. मूळ काढून फट बुजवल्याशिवाय तो हटणार नाही, आणि त्याच्या शेजारूनच सांडपाण्याचा पाइप गेला आहे.

पाणीगळती, जुन्या बॅटऱ्या, माळ्यावरचं सामान हे बाकीचे मुद्दे पुढच्या वर्षी घ्यावेत. फक्त टेरेसवरच्या नळाचा वॉशर तेवढा आत्ता बदलून घ्यावा. सेकंदाला एक थेंब गळतो म्हणून कुणी लक्ष देत नाही. मी रात्री दहाला त्याखाली बादली ठेवली, सकाळी सहाला ७ लिटर पाणी होतं. त्या हिशेबाने वर्षाला साडेसात हजार लिटरच्या वर.

येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत ही तीन कामं घ्यावीत आणि प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख लिहावी, ही विनंती. बी विंगचे जिने पहिल्या तीन महिन्यांत मोकळे करून घेण्यापुढे माझं नाव घालायला हरकत नाही. मी लोकांशी गोड बोलू शकतो असं घरचे म्हणत नाहीत, तेव्हा सोबत समितीतलं कुणीतरी द्यावं.

माझी सायकल आज सकाळी खाली नेली. पार्किंगमध्ये स्टँडची सोय होईपर्यंत ती पंपाच्या खोलीमागे, त्या पालथ्या ड्रमला टेकवून उभी आहे. ड्रम वापरात आणाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा, मी ती हलवीन.

आपला,
सभासद, बी विंग, चौथा मजला