मिस्त्रीकाका, ब्रेक ऑइलबद्दल सॉरी आणि थँक यू

काका, हे तुम्ही स्वतः वाचणार नाही माहितीये, चष्मा सापडत नाही म्हणाल, म्हणून तुमच्या लेकीला पाठवतेय, तिने मोठ्याने वाचून दाखवायचं, कॉम्प्रेसर बंद करून.

आधी सॉरी. निघायच्या आठवडाभर आधी तुम्ही ब्रेक ऑइल पूर्ण बदलायलाच पाहिजे म्हणालात तेव्हा मी करी रोडचा सिग्नल लागायच्या आत ह्यांना म्हटलं होतं की काका बिल वाढवतायत. ते ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग घाटात ब्रेक तापले की पाण्याची वाफ होते, बुडबुडे धरतात आणि पेडल फुसकं जातं, हे तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत पण मी मोबाईलवर हॉटेलं बघत होते.

ट्रिप मुळात अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची. १९७७ साली ते परळच्या गिरणीत नवीन लागलेले आणि त्याच वर्षी एव्हरेस्टवाले हिलरी तीन जेटबोटी घेऊन गंगासागरहून निघाले, समुद्रापासून गंगेतून उलटं वर, जमेल तितकं हिमालयात. रिटायर झाल्यापासून अण्णांचं एकच, तो रस्ता बघायचा. बोटीने नाही निदान गाडीने तरी. आम्ही हो हो करत पाच वर्षं काढली.

आणि काका, जेटबोट म्हणजे काय हे मला तुमच्या गॅरेजात कळलं, इंटरनेटवर नाही. तुम्ही गाडी धुवायचा पाइप हातात घेतलात, प्रेशर फुल सोडलंत आणि अण्णांना म्हणालात, धरा. पाइप मागे ढकलायला लागला, अण्णा दोन पावलं मागे आणि मी नखशिखांत भिजले. बोट पण तशीच, खालून पाणी ओढायचं, पंप्याने मागे जोरात फेकायचं, बोट पुढे. खाली पंखा लोंबत नाही म्हणून वितभर पाण्यात, दगडांवरून पण जाते. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टननी तिकडच्या उथळ नद्यांसाठी बनवली होती म्हणे. हे सगळं अण्णांना पाठ होतं, पण त्या दिवशी ते गप्प ऐकत होते, तुमच्यासमोर शहाणपणा करायचा नाही असं बहुतेक ठरवून आलेले.

ट्रिपचं सगळं सांगत नाही, फोटो पाठवलेत. नागपूरपर्यंत समृद्धी, तुम्ही टायरची हवा बघायला लावलीत ती रोज सकाळी बघितली. काकद्वीपला गाडी ठेवून लाँचने मुडीगंगा ओलांडून सागर बेटावर गेलो, तिथे अण्णा पाण्यात उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. मग फराक्का, पाटणा, बनारस, हरिद्वार. हिलरी पावसाळ्यात गेले कारण बोटीला पाणी पाहिजे, आम्ही दिवाळीनंतर गेलो कारण पावसाळ्यात तिकडे दरडी. त्यामुळे नंदप्रयागला, जिथे धबधब्याने बोटी अडवल्या आणि पुढे ते पायी गेले, तिथे अलकनंदेत पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसले. अण्णा जरा हिरमुसले.

आता मेन मुद्दा. बद्रीनाथहून उतरताना हे मुंबईच्या सवयीने अख्खा उतार ब्रेकवर पाय ठेवून, आणि पांडुकेश्वरच्या अलीकडे जळका वास, गाडी थांबायला वेळ घ्यायला लागली, धूर दिसला. पेडल मात्र टणक होतं, फुसकं गेलं नाही, म्हणजे तुम्ही बदललेलं ऑइल ठीक होतं, तापले होते ते पॅड. मी तुम्हाला फोन लावला, तुम्ही जेवत होतात, घास तोंडात ठेवूनच म्हणालात की कडेला घ्या, पहिल्या गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढू नका. तेवढ्यात अण्णा बाटली घेऊन चाकावर पाणी ओतायला वाकलेले. मी ओरडले, काका पाणी! तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडलात, अजिबात नाही, तापलेली डिस्क तडकेल. अण्णा म्हणे गंगेचं आहे. तुम्ही म्हणालात, गंगेचं असलं तरी.

अर्धा तास बसलो, चहा पण मिळाला नाही. मग सेकंड गिअरमध्ये जोशीमठपर्यंत, ब्रेक फक्त वळणाला, तुम्ही सांगितलंत तस्सं, आणि ह्यांनी वाटेत एकदासुद्धा "मला येतं" म्हटलं नाही, हे लग्नानंतर पहिल्यांदा.

परत आल्यावर तुम्ही चाकं काढलीत, पॅड बदललेत, जुने पॅड ह्यांच्या हातात दिलेत आणि काही बोलला नाहीत. बिल विचारलं की "बघू" म्हणता. शनिवारी येतोय द्यायला, अण्णा पण येणारेत, त्यांना तो पाइप परत एकदा धरायचाय. मी लांब उभी राहीन.