बिनडोक्याच्या मूर्तीचा मोहक चेहरा

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला इजिप्तच्या राण्यांवरचा लेख काल वाचला. आपली पुरवणी मी एरवी आवडीने वाचते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं जरा कडू आहे.

छायाचित्र छापलंय इजिप्तमध्ये अबुकीरच्या समुद्रातून वर काढलेल्या ‘कॅनोपसच्या राणी’च्या मूर्तीचं (कॅनोपस हे तिथलं बुडालेलं प्राचीन शहर) आणि खाली ओळ, ‘क्लिओपात्राचा मोहक चेहरा’. अहो, त्या मूर्तीला डोकंच नाही! आणि बहुतेक अभ्यासक तिला दुसरी अर्सिनोई मानतात, क्लिओपात्राच्याच घराण्यातली आधीची राणी, जी क्लिओपात्रा जन्मण्याच्या दोनशे वर्षं आधीच वारली. ओळ लिहिणाऱ्याने निदान चित्राकडे तरी बघायचं.

पण खरी चीड वेगळ्याच वाक्याची आली. म्हणे, ग्रीक आले आणि इजिप्तच्या ताठ मूर्तींत जीव आला. हेच वाक्य मी कला महाविद्यालयातल्या तोंडी परीक्षेत ऐकलं होतं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लाल क्वार्टझाइट दगडाचं एक धड आहे, बहुधा इजिप्तच्या नेफर्तिती राणीचं. अंगाला चिकटलेल्या चुण्यांच्या तलम वस्त्राखाली पोट, मांड्या, सगळं दिसतं. काळ इ.स.पू. १३५० च्या आसपासचा. ग्रीकांना घेऊन अलेक्झांडर इजिप्तमध्ये आला इ.स.पू. ३३२ मध्ये. मी एवढंच विचारलं, की हजार वर्षं आधी हे कुणी शिकवलं? परीक्षक हसले, ‘अपवाद असतात, बाई’ म्हणाले आणि माझे गुण कापले. वर्गात पहिली येणारी मी त्या वर्षी मागे पडले. आता तेच वाक्य चार रकान्यांत, रंगीत!

ग्रीक प्रभाव नव्हता असं कुठे म्हणतेय मी? कॅनोपसच्या राणीचं ओलेतं वाटणारं वस्त्र बघून कुणालाही ग्रीकांची सौंदर्यदेवता अ‍ॅफ्रोडायटी आठवेल. पण छातीवरची ती गाठ इजिप्तच्या आयसिस देवीची, आणि काळा कठीण दगड आरशासारखा घासायची विद्या नाईलकाठची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अर्सिनोईची जेमतेम ३८ सेंटिमीटरची चुनखडीची मूर्ती आहे. हातात ग्रीकांचं फळाफुलांनी भरलेलं जोडशिंग, उभं राहणं मात्र फॅरोंच्या काळापासूनचं, आणि पाठीमागच्या खांबावर चित्रलिपीत तिला देवी म्हटलंय. खुद्द क्लिओपात्राचंच बघा. बर्लिनमध्ये तिचं संगमरवरी डोकं आहे, केस ग्रीक पद्धतीने मागे बांधलेले. रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयातली काळ्या बेसॉल्टची मूर्तीही आज तिचीच मानतात. तिच्या कपाळावर तीन नाग आणि अंगात तोच ताठपणा. ज्यांना दोन्ही शैली येत होत्या त्यांनी देवळासाठी ताठपणा निवडला. राणी मूळची मॅसिडोनियन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या घराण्यातली. इजिप्तच्या पुजाऱ्यांपुढे तिला देवी म्हणून उभं राहायचं होतं, ग्रीक सुंदरी म्हणून नव्हे.

लेखकमहाशयांनी मूर्ती बघितल्या असत्या तर हे लक्षात आलं असतं. त्यांनी बहुधा ओलेतं वस्त्र तेवढं बघितलं.

जाता जाता, वाचकांच्या पत्रांची जागा आताशा अर्ध्या रकान्यावर आली आहे आणि राशिभविष्य पानभर. माझं मागचं पत्र आपण असं कापलंत, की मी ज्या पुलाला विरोध केला होता त्याची मी मागणी केली असं छापून आलं. शेजारी अजून अभिनंदन करतात. हे पत्र कापायचंच असेल तर कृपया हा परिच्छेद कापा. अर्सिनोईला हात लावू नका. आणि दुरुस्ती छापाल ती पुरवणीतच, त्याच आकारात छापा.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, नाशिक रोड